वीस वर्षं प्रॅक्टिस झालेला थेरपिस्ट दर आठवड्याला शिकायला का जातो?

मानसोपचार क्षेत्रातल्या अनुभवी माणसाच्या आठवड्यात डोकावलं तर एक गोष्ट बाहेरच्याला बुचकळ्यात टाकते. पदव्या मिळून वर्षं उलटली आहेत, भेटीसाठी रुग्ण ताटकळत आहेत, आणि तरी हा माणूस दर आठवड्याला एक तास कुणा सहकाऱ्यापुढे बसून आपल्याच रुग्णांबद्दल बोलतो. शिवाय महिन्यातून एखाद-दोन संध्याकाळी चर्चासत्राला जातो आणि तिथे फ्रॉइडचा १९१५ सालचा लेख वाचतो. हृदयरोगतज्ज्ञ नवं औषध, नवं यंत्र शिकायला जातो हे समजतं. शंभर वर्षांपूर्वीचं पुन्हा वाचून कुणी अद्ययावत कसा होणार?

अनेक देशांत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि क्लिनिकल सोशल वर्कर यांना परवाना टिकवायचा असेल तर ठरलेल्या मुदतीत ठरलेले तास शिक्षण घ्यावं लागतं. याला निरंतर शिक्षण म्हणतात, आणि त्या तासांना क्रेडिट. मनोविश्लेषणाच्या संस्थाही असे अभ्यासक्रम चालवतात, आणि ज्यांना विश्लेषक व्हायचं नाही असे लोकही त्यांना येतात. सक्तीने तास भरावे लागतात म्हणून येणारे असतातच. पण सक्ती नसतानाही येणारे बरेच असतात, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

आधी मूळ गोष्ट

सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हा व्हिएन्नातला मज्जाविकारतज्ज्ञ. त्याची मांडणी थोडक्यात अशी: मनातलं बरंच काही आपल्याला ठाऊक नसतं, आणि जे ठाऊक नसतं तेच आपल्याकडून पुष्कळ काही करवून घेतं. मनाच्या या भागाला नेणीव म्हणतात. रुग्णाने मनात येईल ते न गाळता बोलावं, विश्लेषकाने ऐकावं, आणि त्यातून नेणिवेचा माग काढावा, ही मनोविश्लेषणाची पद्धत. तिच्यातूनच पुढे आठवड्यातून एक-दोनदा समोरासमोर बसून करायचे उपचार आले. त्यांना सायकोडायनॅमिक थेरपी म्हणतात, आणि आज प्रत्यक्षात जास्त चालतात त्या याच.

आणखी दोनच संज्ञा लागतील. जुन्या नात्यांतल्या अपेक्षा आणि धास्ती माणूस नकळत समोरच्यावर चढवतो, हा झाला ट्रान्सफरन्स. वडिलांच्या धाकात वाढलेल्या माणसाला थेरपिस्टच्या साध्या प्रश्नातही उलटतपासणी ऐकू येते. याची दुसरी बाजू म्हणजे काउंटर-ट्रान्सफरन्स: रुग्णासमोर बसल्यावर थेरपिस्टच्या मनात जे उठतं ते. चीड, कंटाळा, या माणसाला वाचवलंच पाहिजे अशी घाई, कधी चक्क झोप.

सुरुवातीला फ्रॉइडने याकडे अडथळा म्हणून पाहिलं, तो ओळखून बाजूला सारायचा असं त्याचं म्हणणं होतं. १९५० साली पॉला हायमन या विश्लेषक बाईंनी एका छोट्या निबंधात उलट भूमिका घेतली. थेरपिस्टच्या मनात जे उठतं त्यातून रुग्णाबद्दल माहिती मिळू शकते, असं त्यांनी मांडलं. तेव्हापासून ही कल्पना जवळजवळ सगळ्या शाखांनी या ना त्या रूपात स्वीकारली आहे. तिच्यात एक धोकाही आहे. मला आलेली चीड रुग्णामुळे आली की आज सकाळी माझंच काही बिनसलं होतं म्हणून, हे मला एकट्याला कसं कळणार? निरंतर शिक्षणाची गरज मुळात या प्रश्नातून येते. इथे उपचाराचं साधन म्हणजे उपचार करणाऱ्याचं मन, आणि ते तपासायला दुसरं मन लागतं.

हा कोर्स केला की माणूस मनोविश्लेषक होतो का?

नाही. हा गोंधळ इतका सर्रास आहे, आणि काही जाहिराती तो इतक्या आनंदाने वाढवतात, की थोडं सविस्तर सांगायला हवं.

सुरुवातीच्या काळात मनोविश्लेषणाचं औपचारिक प्रशिक्षण असं काही नव्हतंच. माक्स आइटिंगॉन या डॉक्टरचं विश्लेषण फ्रॉइडने १९०९ च्या सुमारास संध्याकाळी फिरता फिरता केलं. पुढे याच आइटिंगॉनने बर्लिनमध्ये १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेत प्रशिक्षणाची शिस्त बसवायला मदत केली. त्या शिस्तीचे तीन भाग होते: शिकणाऱ्याने स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं, अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहायचे, आणि वर्गात सिद्धांत शिकायचा. जगभरातल्या बहुतेक संस्था आजही थोड्याफार फरकाने हाच साचा वापरतात. स्वतःचं विश्लेषण आठवड्यातून तीन ते पाच वेळा आणि तेही कित्येक वर्षं चालतं, त्यामुळे पूर्ण प्रशिक्षणाला दहा वर्षं लागली तरी नवल नाही.

निरंतर शिक्षण ही याहून फार हलकी गोष्ट आहे: शनिवार-रविवारची कार्यशाळा, वर्ष-दोन वर्षांचा सायकोडायनॅमिक अभ्यासक्रम, पंधरवड्यातून एकदा भरणारं केस-चर्चासत्र, वैयक्तिक सुपरव्हिजन (म्हणजे अनुभवी सहकाऱ्यापुढे बसून आपल्या रुग्णांबद्दल बोलणं). त्यातून प्रमाणपत्र मिळतं. ‘विश्लेषक’ ही ओळख मिळत नाही. अनेक ठिकाणी ‘मनोविश्लेषक’ ही पाटी लावायला कायद्याने अडकाठी नसते, म्हणून हा फरक वाचकानेच लक्षात ठेवलेला बरा.

शिकण्याचा हक्क कुणाला, यावरही मोठे वाद झाले. व्हिएन्नात १९२६ साली थिओडोर राइक या डॉक्टर नसलेल्या विश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप आला, तेव्हा फ्रॉइडने त्याच्या बाजूने अख्खं पुस्तक लिहिलं: विश्लेषकाला वैद्यकीय पदवी असलीच पाहिजे असं नाही. तरीही अमेरिकेतल्या मुख्य प्रवाहातल्या संस्थांनी डॉक्टर नसलेल्यांसाठी दार बराच काळ जवळजवळ बंद ठेवलं. शेवटी १९८५ साली मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकन सायकोॲनालिटिक असोसिएशनवर दावा लावला आणि १९८८ मध्ये तडजोड झाली. आज अशा वर्गांत डॉक्टरांच्या शेजारी मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, सोशल वर्कर आणि परिचारिका बसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला याचा काय उपयोग?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक बाई गेलं वर्षभर मनोविकारतज्ज्ञांकडे येत आहेत. दर वेळी सांगतात, “डॉक्टर, औषधांचा काही उपयोग नाही.” डॉक्टरांनी डोस वाढवून पाहिला, औषध बदललं, पुन्हा बदललं. उपयोग शून्य. पण बाई एकही भेट चुकवत नाहीत, वेळेआधी येऊन बसतात. आणि डॉक्टरांच्या लक्षात येतं, की यादीत त्यांचं नाव दिसलं की आपण आधीच घड्याळाकडे बघायला लागतो.

डॉक्टर ही केस चर्चासत्रात मांडतात. सहकारी सुचवू लागतात. झोपेचं विचारलंत का? विचारलं. थायरॉइड? तपासलं, नॉर्मल आहे. नवऱ्याला बोलावून पाहा. ते येतच नाहीत. अमुक औषध? तेही झालं. दहा-बारा मिनिटांत सगळा गट हताश होतो, काही जण तर चिडतातही. मग चर्चा चालवणारी व्यक्ती शांतपणे म्हणते, “तुम्ही आत्ता आमच्याशी तेच करताय जे त्या तुमच्याशी करतात. आम्ही काहीही दिलं तरी ते तुम्ही परत करताय.”

हा योगायोग नाही, आणि जादूही नाही. रुग्ण आणि थेरपिस्ट यांच्यात जे घडतं त्याची छाया थेरपिस्ट आणि सुपरव्हायझर यांच्या नात्यात पडते, हे हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन विश्लेषकाने १९५५ साली नोंदवलं. त्याला समांतर प्रक्रिया म्हणतात. डॉक्टर त्या बाईंविषयी जे शब्दांत सांगू शकत नव्हते, ते वागण्यातून दाखवत होते. ‘काहीच पुरत नाही’ हा अनुभव त्या बाईंनी त्यांच्या हवाली केला होता आणि त्यांनी तो तसाच गटाच्या पुढ्यात आणून ठेवला.

पुढच्या भेटीत डॉक्टर डोस बदलत नाहीत. ते म्हणतात, “औषधांनी फरक पडत नाही, तरी तुम्ही एकदाही चुकत नाही. म्हणजे इथे येण्यात काहीतरी महत्त्वाचं असणार.” बाई बराच वेळ गप्प राहतात आणि मग पहिल्यांदाच औषधांव्यतिरिक्त कशाबद्दल तरी बोलतात. आजार एवढ्याने जात नाही, गोळ्याही कदाचित चालूच राहतील. पण पुन्हा एकदा औषध बदलणं टळलं, आणि ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनाही याचा उपयोग होतो, हे मायकेल आणि एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये दाखवलं. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचे छोटे गट नियमित जमायचे आणि डोक्यातून जात नसलेल्या रुग्णांबद्दल बोलायचे. १९५७ च्या पुस्तकात मायकेल बालिंट यांनी म्हटलं, की जनरल प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. त्या औषधाची मात्रा किती, दुष्परिणाम काय, हे मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. ‘बालिंट गट’ आज अनेक देशांत चालतात.

तिथे नेमकं शिकवतात काय?

‘शिकवतात’ म्हणावं असं तिथे फार थोडं घडतं. सुपरव्हिजनला जाताना थेरपिस्ट सत्रात झालेलं संभाषण आठवून, शक्यतो शब्दशः लिहून नेतो. ‘रुग्ण उदास होता’ असा सारांश चालत नाही. तो काय म्हणाला, मग मी काय म्हणालो, मग तो कुठे थांबला, हे लागतं. जो भाग आठवत नाही तोही महत्त्वाचा: नेमकं तिथेच का विसरलो?

लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी, आणि आता इतरांसाठीही, शिशु-निरीक्षण नावाचा एक विलक्षण प्रकार आहे. एस्थर बिक यांनी तो १९४८ मध्ये टॅव्हिस्टॉकमध्येच सुरू केला. नवजात बाळ असलेल्या घरी आठवड्यातून एकदा तासभर जायचं आणि नुसतं पाहायचं. सल्ला द्यायचा नाही, तिथे बसून टिपणंही काढायची नाहीत. नंतर आठवून लिहायचं आणि गटात वाचायचं. हे दोन वर्षं चालतं. मदतीला धावायची ज्यांना सवय आहे अशा लोकांना एक तास काहीही न करता बसणं किती जड जातं, हे ऐकण्यासारखं असतं. रडणारं बाळ आणि थकलेली आई समोर असताना आपल्या पोटात काय होतं, तेच तर शिकायचं असतं.

फ्रॉइड वाचण्याबद्दलही थोडं सांगतो. चांगल्या वर्गात तो पोथीसारखा वाचत नाहीत. १९१५ चा तो लेख रुग्ण थेरपिस्टच्या प्रेमात पडतो तेव्हा काय करावं याविषयी आहे. फ्रॉइडचं उत्तर असं: त्या प्रेमाला प्रतिसाद द्यायचा नाही, ते झिडकारायचंही नाही, ते समजून घ्यायचं. त्याची भाषा आज खटकते. पण त्याने मांडलेला पेच या आठवड्यातही कुठल्या तरी क्लिनिकमध्ये घडतो आहे.

अनुभवाने माणूस आपोआप शहाणा होत नाही का?

ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर मात्र या व्यवसायातल्या लोकांना फारसं आवडणारं नाही. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १७० थेरपिस्ट आणि त्यांच्या ६,५९१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. अनुभव वाढला तसे परिणाम सुधारायला हवे होते. सरासरीने पाहता ते किंचित घसरले. घसरण अगदी लहान होती, उपचार अर्ध्यात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण अनुभवाबरोबर कमी झालं, आणि काही थेरपिस्ट वर्षागणिक सुधारलेही. पण ‘वर्षं उलटली म्हणजे कौशल्य वाढलं’ हे गृहीत त्या आकड्यांत टिकलं नाही.

कारण शोधायला लांब जायला नको. शल्यविशारदाची चूक लवकर उघड होते. थेरपिस्टकडून निराश झालेला रुग्ण फक्त यायचा थांबतो आणि का थांबला ते सांगत नाही. थेरपिस्ट मात्र स्वतःला समजावतो, की बरं वाटलं असेल. आपला आवाज पहिल्यांदा रेकॉर्डिंगमध्ये ऐकल्यावर प्रत्येकजण दचकतो, कारण बोलताना तो आपल्याला हाडांमधूनही ऐकू येत असतो आणि खरा आहे त्याहून भरदार वाटतो. वर्षानुवर्षं बोलूनही आपला आवाज बाहेर कसा ऐकू जातो हे कळत नाही, कळतं ते रेकॉर्डिंग ऐकल्यावर. सुपरव्हिजनचं काम हेच.

फ्रॉइडला हे आयुष्याच्या शेवटी पुरतं पटलं होतं. १९३७ च्या एका निबंधात त्याने सुचवलं, की प्रत्येक विश्लेषकाने साधारण दर पाच वर्षांनी, कसलीही लाज न बाळगता, पुन्हा स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं. दिवसभर इतरांची नेणीव हाताळणाऱ्यावर तिचा परिणाम होतोच, क्ष-किरणांसोबत काम करणाऱ्यावर होतो तसा, हे त्याचं कारण. निरंतर शिक्षणाची याहून कडक अट अजून कुठल्या परवाना मंडळाने घातली असेल असं वाटत नाही. ती पाळणारे अर्थातच थोडे.

मग ऑनलाइन व्याख्यानं ऐकून क्रेडिट मिळवलं तर?

परवाना टिकेल. डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणावरच्या १४ चाचण्यांचा आढावा घेतला होता. निष्कर्ष असा, की नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांची प्रत्यक्षातली पद्धत बदलल्याचं दिसत नाही. चर्चा, सराव, सहभाग असेल तर बदलू शकते. मनोविश्लेषणात तर हा फरक आणखी ठळक होतो. काउंटर-ट्रान्सफरन्सवरची स्लाइड पाहता पाहता इमेल वाचणाऱ्याने तीन क्रेडिट मिळवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णावर तसाच खेकसला, असं सहज होऊ शकतं. तासांच्या हिशोबावर चाललेली सक्ती मला म्हणूनच फारशी पटत नाही. मोजायला सोपं आहे म्हणून ती टिकून आहे.

पण मनोविश्लेषण कालबाह्य झालंय ना?

त्यातलं बरंचसं झालंय. फ्रॉइडच्या स्त्रियांविषयीच्या मांडणीतलं बरंच काही आज कुणी गंभीरपणे मांडत नाही. त्याचे दावे खोटे ठरवण्याची सोयच नाही, म्हणून ते विज्ञान नव्हे, असा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरचा आक्षेप होता. त्याचं पूर्ण समाधान आजही झालेलं नाही. त्याहून गंभीर म्हणजे संस्थांनी केलेलं नुकसान. १९७३ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत नामवंत विश्लेषक होते. अमेरिकन सायकोॲनालिटिक असोसिएशनने भेदभावाविरुद्ध धोरण केलं १९९१ मध्ये, आणि जाहीर माफी मागितली २०१९ मध्ये. आधीच्या पिढीने जे छातीठोकपणे शिकवलं ते पुसून टाकणं हाही निरंतर शिक्षणाचाच भाग आहे.

आता पुराव्याचं. जोनाथन शेडलर यांनी २०१० साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं, की सायकोडायनॅमिक थेरपीचा परिणाम इतर मान्य थेरपींच्या तोडीचा असतो आणि उपचार संपल्यावरही टिकतो. टॅव्हिस्टॉकमध्ये जुनाट, उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्याच्या १२९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. अठरा महिन्यांचे उपचार संपले तेव्हा थेरपीही घेणारे आणि फक्त नेहमीचे उपचार घेणारे, या दोन गटांत ठळक फरक नव्हता. सुरुवातीपासून ४२ महिन्यांनी पाहिलं तर थेरपी घेतलेल्या गटात ३० टक्क्यांना निदान अंशतः आराम होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. पूर्ण बरे झालेले मात्र दोन्हीकडे थोडेच. दुसऱ्या बाजूला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीच्या (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारांच्या) मागे चाचण्यांची संख्या कितीतरी मोठी आहे, आणि फोबिया किंवा ओसीडी (तेच तेच विचार किंवा कृती थांबवता न येणं) असेल तर आधी तिकडे जाणंच शहाणपणाचं. तिथे सायकोडायनॅमिक थेरपीचा आग्रह धरणाऱ्या थेरपिस्टलाच शिकायची गरज आहे.

तिथे गुरुबाजी चालत नाही का?

चालते. शिकवणारा, तपासणारा आणि शिकणाऱ्याचं मन उघडं पाहिलेला, हे एकाच वर्तुळातले लोक असतात. अशा ठिकाणी निष्ठेची मागणी व्हायला वेळ लागत नाही. लंडनमध्ये १९४० च्या दशकात फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड आणि विश्लेषक मेलानी क्लाइन यांच्या अनुयायांमध्ये झालेला वाद इतका विकोपाला गेला, की तिथल्या विश्लेषकांच्या ब्रिटिश सोसायटीत शेवटी वेगवेगळे गट मान्य करून प्रशिक्षणाची सोय लावावी लागली. शिकायला जाणाऱ्या व्यावसायिकाने म्हणूनच एक पाहावं: इथे सुपरव्हायझरशी असहमत होता येतं का? आपल्या शाखेबाहेरचं काही वाचतात का?

आणि माझी गोष्ट तिथे सांगितली जाणार?

रुग्ण म्हणून वाचणाऱ्यांच्या मनात हे आलंच असेल. सुपरव्हिजनमध्ये आणि चर्चासत्रात केस मांडताना नाव, गाव, व्यवसाय असे ओळख पटेल असे तपशील काढायचे किंवा बदलायचे असतात, आणि ऐकणाऱ्यांवरही गुप्ततेचं बंधन असतं. लेख किंवा पुस्तकात केस छापायची असेल तर संमतीचा प्रश्न आणखी काटेकोर होतो. तरी फट राहतेच, विशेषतः सगळे सगळ्यांना ओळखतात अशा लहान वर्तुळात.

पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत हे सरळ विचारता येतं: तुम्ही सध्या सुपरव्हिजन घेता का? माझ्याबद्दल तिथे बोलणार असाल तर काय बदलून सांगाल? तिथे माझ्या ओळखीचं कुणी असू शकतं का, आणि असलं तर काय कराल? छापण्याचा विचार झाला तर मला आधी विचाराल का? ‘सुपरव्हिजन घेतो’ हे उत्तर ऐकून थेरपिस्ट कच्चा आहे असं समजायचं कारण नाही. ‘इतक्या वर्षांनंतर मला गरज नाही’ असं उत्तर आलं, तर मात्र अवघड रुग्णाच्या वेळी ते कुणाशी बोलतात, एवढं आणखी विचारावं.